संकटात लोक सरकारकडे काय मागतात आणि संस्थांकडे काय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले, नोकरी पुण्यात. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मित्रांबरोबर किराणा आणि चादरी घेऊन गावी गेलात. लोकांनी सामान घेतलं, चहा पाजला. दिवाळीनंतर पुन्हा जाऊन नाल्याचं काम आणि शाळेची दुरुस्ती यासाठी बैठक बोलावलीत, तर मोजकी माणसं आली. त्यातला एकजण म्हणाला, "ते सरकारचं काम हाय, सरकारनंच करावं." पुरात सरकारला सगळ्यांत जास्त शिव्या देणारा हाच माणूस होता. दुसऱ्यानं विचारलं, "तुमची संस्था कोणत्या पक्षाची?" तुम्ही विचारता, लोकांना फुकटची सवय लागली आहे का? आणि संस्थांनी अशा वेळी करायचं तरी काय?

मी लोहारा-उमरगा भागात राहते. किल्लारीच्या भूकंपानंतर या कामात आले ती याच कामात राहिले. त्या अनुभवावरून सांगते, फुकटच्या सवयीचा मुद्दा मला पटत नाही. तुमच्या गावकऱ्यांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. विश्वास कोणावर आहे, हा एक. काम कोणाचं आहे, हा दुसरा. सरकारवर विश्वास नसला तरी काम सरकारचंच आहे असं माणूस म्हणू शकतो, आणि मराठवाड्यात बहुतेक लोक तेच म्हणतात. संस्थेवर विश्वास असतो, पण तिच्याकडे मागण्याचा अधिकार आहे असं कुणाला वाटत नाही. म्हणून सरकारवर राग निघतो आणि तुम्हाला चहा मिळतो. राग येतो तिथं अपेक्षा शिल्लक असते. ज्या गावात लोक तहसील कार्यालयावर चिडायचे थांबतात त्या गावाची मला जास्त काळजी वाटते.

ही अपेक्षा आकाशातून पडलेली नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, बहात्तरचा दुष्काळ निघतोच. खडी फोडली, नालाबांध घातले, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी खाल्ली, वाटपाची सुकडी खाल्ली. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. काम मागायला मोर्चे निघाले, गावोगाव घेराव झाले. त्यातूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची योजना, पुढे कायद्यात आली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. त्या पिढीनं एक गोष्ट स्वतःच्या हातांनी करून पाहिली: सरकारपुढं उभं राहून काम मागितलं की ते द्यावं लागतं. "सरकारनंच करावं" म्हणणाऱ्या तुमच्या त्या माणसाच्या आईनं किंवा आजीनं कदाचित त्याच कामांवर पाटी उचलली असेल. त्याच्या बोलण्यात आळस शोधण्याआधी हे एवढं ध्यानात असू द्या.

संस्थांविषयीचं मत मात्र आमच्याकडे किल्लारीनं घडवलं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढच्या काही दिवसांत जेवढी माणसं आमच्या भागात आली तेवढी पूर्वी कधी आली नव्हती: लष्कर, डॉक्टर, विद्यार्थी, मठ-मंदिरांची पथकं, पक्षांचे कार्यकर्ते, आणि नुसते बघायला आलेलेही. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. पण त्याच गर्दीतून टिकाऊ कामंही उभी राहिली. अनाथ झालेल्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' सुरू झालं. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. ज्ञान प्रबोधिनीनं हराळीत शाळा काढली, ती आजही चालते. सास्तूरला दवाखाना उभा राहिला.

त्यानंतर घरं. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि त्यातली बरीच गावं देणगीदार संस्थांनी, कंपन्यांनी बांधून दिली. कमी नुकसान झालेल्या गावांमध्ये घरमालकाच्या खात्यात हप्त्यांनी पैसे आले आणि दुरुस्ती-मजबुतीकरण त्यानं स्वतः करून घ्यायचं, असं ठरलं. त्या गावांमध्ये बायकांमधून संवाद सहायक नेमल्या. हप्ता कधी येणार, इंजिनिअर काय बघतो, कोपऱ्यात लोखंड का घालायचं, हे त्या घरोघर जाऊन सांगत. हे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होतं. त्यातल्याच काही बायका २००१ च्या भूकंपानंतर कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.

दोन्ही प्रकारच्या गावांत माझं जाणं-येणं राहिलं, आणि लोकांच्या बोलण्यातला फरक मला फार लवकर जाणवला. बांधून मिळालेल्या गावात घराला "त्यांनी दिलेलं घर" म्हणतात. छत गळायला लागलं तेव्हा देणगीदार निघून गेला होता, आणि कार्यालयातून उत्तर मिळालं, ज्यांनी बांधलं त्यांना विचारा. लोक मधल्या मध्ये अडकले. त्यांना राग होता, पण तो काढायचा कोणावर हे ठरेना. दुरुस्तीच्या गावांत लोक सरकारशी भांडले, हप्ता अडला म्हणून भांडले, इंजिनिअर चिरीमिरी मागतो म्हणून भांडले. पण घर त्यांचं राहिलं, आणि भांडायचं कुठं हेही त्यांना ठाऊक होतं. नव्या गावांत घराचा आकार जमिनीवर ठरला होता: भूमिहीन आणि अल्प जमीनवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. हा निकष मला तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. भूमिहीनाचं कुटुंब काही लहान नसतं. तरी तो सरकारी निकष होता, कागदावर होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आलं. देणगीदारानं स्वतःच्या मनानं काही ठरवलं तर बोट ठेवायला कागदच नसतो. संस्थेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे मान्य करणं जड जातं, पण लोक हा फरक अचूक ओळखतात.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असतं ते सांगते, कारण एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

पहिली बाब संकटाच्या जातीची. भूकंप, पूर अचानक येतात, त्यात पहिले तीन-चार दिवस शेजारी आणि तरुण मंडळं हेच सरकार असतात. सप्टेंबरमध्ये परंड्याकडे अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आलं, ते संस्थेला जमणारं काम नाही. पण हेलिकॉप्टर येईपर्यंत म्हातारीला माळवदावर चढवून बसवलं ते गावातल्या पोरांनी. या काळात कोण कोणाचा हे कुणी विचारत नाही. दुष्काळाचं वेगळं. तो हळूहळू येतो आणि कागदावर आल्याशिवाय तो आहे असं धरलं जात नाही. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली का, तालुका यादीत आला का, टँकर मंजूर झाला का. तिथं संस्था कितीही राबली तरी मुख्य किल्ली सरकारकडेच असते, आणि लोकांनाही ते माहीत असतं.

दुसरी बाब गावाची. ज्या गावात एकाच घराकडे ग्रामपंचायत, सोसायटी आणि रेशन दुकान आहे तिथं तुमची चादर आधी कोणाच्या ओट्यावर उतरली यावरून तुमचा पक्ष ठरतो. "कोणत्या पक्षाची संस्था" हा प्रश्न तुम्हाला टोचला, पण तो विचारणाऱ्याला तुमच्यावर संशय घ्यायचा नव्हता. तुमच्याशी बोलल्यामुळे उद्या आपल्याला त्रास होईल का, हे तो चाचपत होता. निवडणुकीआधी पाण्याचे टँकर नेत्याचा फोटो लावून फिरतात आणि निकालानंतर बंद होतात, हे त्यानं पाहिलंय. तुम्ही सामान देताना फोटो काढले असतील तर तेही त्याच्या लक्षात असेल. मी वाटपाचे फोटो काढू देत नाही. देणगीदाराला हिशोब हवा असेल तर सह्यांचा कागद आणि पावत्या पाठवते. त्यामुळे काही देणग्या हुकल्या, हुकू देत.

तिसरी बाब यावेळची खास होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याप्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणावर जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सहअध्यक्ष असतो. पण आपल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुरात त्या प्रशासकांच्या हातात होत्या. म्हणजे ज्या सदस्याच्या दारात जाऊन माणूस ओरडतो, ज्याला रात्री फोन लावतो, तो सदस्यच नव्हता. सगळा भार तलाठ्यावर आला आणि सगळा रागही त्याच्यावर. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावं होती हे लोकांना दिसत होतं, तरी रागाला दुसरी जागा नव्हती.

संस्थांनी काय करावं, या मूळ प्रश्नावर येते. सरकारची मदत निकषांवर चालते, आणि ती तशीच चालली पाहिजे, नाहीतर ती मर्जीवर चालेल. २०२५ च्या पुरात हा निकष होता कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर. दुभतं जनावर गेलं तर ३७,५०० होते. यावेळी राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत नेली, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जास्तीचे दिले, खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि तीन लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून देऊ केलं. एवढी रक्कम कोणतीही संस्था उभी करू शकत नाही. कितीही मोठी संस्था, कितीही मोठा उद्योगपती. तेव्हा सरकारच्या ऐवजी आपण, ही कल्पनाच सोडून द्या.

पण निकषाच्या फटीतून माणसं पडतात, आणि ती कोण हे गावात राहिल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्याची जमीन बटईनं (वाट्यानं) किंवा ठोक्यानं (ठरलेल्या पैशांवर) कसणारा: बियाणं-खत त्याचं, कर्ज त्याचं, पण सातबारा मालकाचा, म्हणून अनुदान मालकाच्या खात्यात. नवरा वारल्यावर वारस नोंद न झालेली बाई: जमीन अजून सासऱ्याच्या नावावर, आणि दिराची सही मिळत नाही. शेतमजूर: त्याचं पीक नव्हतंच, म्हणून त्याचं नुकसानही नाही, पण सोयाबीन काढणीची सगळी मजुरी बुडाली. ज्याची म्हैस वाहून गेली तो: मेलेलं जनावर दाखवल्याशिवाय पंचनामा कशाचा करणार? कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर दवाखान्यातल्या नोंदीत सापडतो आणि त्यावरून पुढचं बोलता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब: पंचनाम्याला घराला कुलूप, यादीत नाव नाही. ज्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि म्हणून ई-केवायसी अडलेली, अशी म्हातारी तर प्रत्येक गावात एक तरी असते.

माझ्या मते संस्थेची खरी जागा इथं आहे. लोकांचं जे सरकारकडे येणं आहे ते त्यांच्यापर्यंत पोचवायला मदत करायची, आणि जे निकषात बसतच नाही तेवढ्याला स्वतःच्या पैशातून हात द्यायचा. मी पुरानंतर पहिल्या आठवड्यात किराणा वाटला, पण त्यानंतर आमची पोरं-पोरी वह्या घेऊन बसली. कुणाचं घर, किती भिंत, कोणतं जनावर, पंचनामा झाला का, कोणी केला, सही कोणाची. ही वही तलाठ्याच्या यादीशेजारी ठेवली की सुटलेली नावं दिसतात. तलाठ्याला आधी वाटतं आपण चूक शोधायला आलोय. त्याला पहिल्या दिवशीच सांगायचं, तुमचं काम हलकं करायला आलोय, आणि खरंच हलकं करायचं. बहुतेक तलाठी मग वही मागून घेतात. यादी चावडीवर लावा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, असा आग्रह धरा. वाचन झालं की गावच बोलतं: अमक्याचं नाव कसं आलं, तमकीचं का नाही.

याच्या उलट काय होतं तेही पाहिलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला रेल्वेच्या दहा टाकी-वाघिणी (वॅगन), पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी. टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी लावली होती. त्या वेळी शहरातल्या लोकांनी 'जलयुक्त लातूर' नावानं वर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, सगळे उतरले, आणि ते काम मनापासूनचं होतं. त्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. मग सगळी चर्चा थांबली. धरणातलं किती पाणी पिण्याला राखायचं, उसाला किती, कमी पावसाच्या वर्षी कोण ठरवणार, हे प्रश्न वर्गणी काढून सुटणारे नव्हते, ते सरकारलाच विचारायचे होते. श्रमदानानं गावात एकी येते, ते मी मानते. पण श्रमदान करून दमलेला माणूस पुढं जाब विचारत नाही, हेही मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून काम करताना त्याच्यासोबत एक मागणीचा अर्ज असलाच पाहिजे, असा आमचा नियम आहे.

चारा छावण्यांत तिसरा प्रकार दिसतो: पैसा सरकारचा, छावणी चालवणार संस्था. २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांपर्यंत अनुदान होतं. बीड-धाराशिवकडे लोक अख्खा उन्हाळा जनावरांसोबत छावणीत राहिले. चांगली छावणी चालवणाऱ्याला लोक आजही नावाजतात. वाईट छावणीत जनावरांचे आकडे फुगले आणि पेंड कमी पडली, तेव्हा संस्थावाला म्हणे सरकारनं बिल थकवलं, अधिकारी म्हणे संस्थेला विचारा. ज्या छावण्यांत रोजची हजेरी फळ्यावर लिहिली जात होती तिथं भांडणं कमी झाली. पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा असेल तेव्हा हिशोब लोकांसमोर रोज मांडावा लागतो.

आता तुमच्या बैठकीबद्दल. तुम्ही नाल्याचं आणि शाळेचं काम घेऊन गेलात, ही दोन्ही कामं सरकारकडे मागता येण्यासारखी आहेत, आणि लोकांनी तेच सांगितलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुम्ही "आपण करू" म्हणालात, त्यांना हवं होतं "आपण मागू". पुढच्या वेळी रोजगार हमीचं काम शेल्फवर, म्हणजे गावाच्या नियोजित कामांच्या यादीत, घेण्याचा ठराव घेऊन जा. खरवडलेल्या जमिनीच्या तीन लाखांतला रुपयाही आपोआप येणार नाही. गटनंबर, मोजमाप, अंदाजपत्रक, मजुरांची जॉबकार्डं, सगळं जमवावं लागेल, आणि ते जमवायला शेतकऱ्याला कुणीतरी शेजारी बसणारं लागतं. पुण्यात राहून तुम्ही शनिवार-रविवारी हे करू शकता. तुमच्यातला कुणी इंजिनिअर असेल तर नाल्याचं मोजमाप करून द्या. शाळेच्या पडक्या भिंतीचे फोटो तारीख घालून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अर्जासोबत लावा, पोच घ्या, पोचेची प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या फाईलला ठेवा. उत्तर आलं नाही तर महिन्यानं त्याच पोचेवर स्मरणपत्र.

पैसे जमले असतील तर किराण्यात घालू नका, ती वेळ गेली. बटईवाल्यांना हरभऱ्याचं बियाणं द्या, पेरणी उशिरा झाली तरी काही रानं अजून वापशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, येताहेत. वारस नोंदीसाठी अडलेल्या बायकांचा प्रवास आणि कागदांचा खर्च उचला. रक्कम छोटी असते, पण हीच माणसं दोन्हीकडून सुटलेली असतात.

थांबावं की करत राहावं, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. रब्बीची कापणी होईपर्यंत तरी थांबू नका. पूर येऊन दोन महिने झाले, बाहेरची माणसं निघून गेली, आणि यादीतल्या त्रुटींची कामं आत्ता सुरू होतायत. गावी जाण्याआधी तलाठ्याला फोन करून अनुदानाच्या यादीची प्रत आणि ई-केवायसी राहिलेल्यांची नावं मागा. ती घेऊन त्या "सरकारनंच करावं" म्हणणाऱ्या माणसाकडेच आधी जा. कोणाचं नाव सुटलंय हे गावात त्याला सगळ्यांत आधी माहीत असेल. पहिला अर्ज त्याच्याच हातानं लिहून घ्या.